पाणसळ लावणार नाही

४ मार्च

प्रिय बुडबुडी,

अनेक आशीर्वाद. दरवर्षी तुझ्या वाढदिवसाला येतं तसं हे दोन ओळींचं कार्ड नाही, चांगलं लांबलचक पत्र आहे. तेव्हा दुकानात काउंटरला टेकून वाचू नकोस, घरी नेऊन वाच.

तळ्याकाठची आपली जागा बंद होतेय. उद्यानाच्या कार्यालयाचं पत्र आलं. तीस एप्रिलनंतर तिथे तंबू ठोकता येणार नाही की कॅरॅव्हॅन उभी करता येणार नाही. इतकी वर्षं झाडांच्या मुळांवरून चाकं फिरली, आता जमिनीला विश्रांती द्यायची आहे म्हणे. जन्मभर नकाशे काढलेला माणूस म्हणून मला त्यांचं म्हणणं पटतं. बाबांचा मुलगा म्हणून अजिबात पटत नाही.

सतरा नंबरची जागा मी अठरा, एकोणीस आणि वीस एप्रिलसाठी मागून घेतली आहे. खोकं अजून अंगणात उभं आहे. बाबांनी सुतारकाम संपवून रोज तास-दोन तास खपून ती कॅरॅव्हॅन जोडली आणि आईने पहिल्याच दिवशी तिला खोकं म्हटलं, तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला होता ते आठवतं का? छप्पर एका जागी गळत होतं, ते बुजवून घेतलंय. टायर नवे आहेत. आतल्या फळ्यांना अजून बाबांच्या सरसाचा वास येतो.

तू ये. अकरा वर्षं झाली. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती त्याच जागेवर सांगायची आहे. उत्तर पत्रानेच दे, फोन करू नकोस. फोनवर आपण दोघं हवापाण्याचं बोलतो आणि तेवढ्यात तुझ्याकडे कुणीतरी गिऱ्हाईक येतं.

एक गंमत सांगतो. या वेळी गाडी तुझी वहिनी चालवणार आहे, तीही मागे खोकं जोडून. या वयात तिला हौस आलीय. मी शेजारी बसून नकाशा बघणार. नोकरी वेळेआधी सोडल्याचं तुला मागच्या कार्डात कळवलं होतंच, त्यामुळे दिवस मोकळेच आहेत.

तुझा दादा


१५ मार्च

दादा,

साष्टांग नमस्कार. घरी नेऊन वाच म्हणालास, म्हणून मी अर्थातच दुकानात वाचलं. एक आजोबा फ्रेम निवडून माझ्यासमोर ताटकळत उभे होते. शेवटी म्हणाले, बाई, काही वाईट बातमी आहे का? मी म्हटलं, नाही हो, भावाचं पत्र आहे. ते म्हणाले, मग रडताय कशाला. त्यांना चुकून दुसऱ्याच कुणाच्या काचा बसवून दिल्या असत्या.

आधी तुझ्या अक्षराबद्दल. पहिली ओळ धड, मग बारीक, आणखी बारीक, आणि शेवटी मुंग्यांची रांग. पाण्याच्या नळांचे नकाशे काढून काढून तुला कोपऱ्यातल्या टिपा लिहायची सवय लागलेली दिसते. दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणारी मी, तुझी शेवटची चार वाक्यं भिंग घेऊन वाचली. जरा मोठं लिहीत जा, कागद काय नकाशाचा आहे?

येते. रजा टाकली आहे. सतराला निघून दोन गाड्या बदलून अठराला दुपारी पोचेन.

तुझं पत्र वाचल्यापासून सतरा नंबरची जागाच डोळ्यांपुढे आहे. तळ्याकडे उतरती, म्हणून कुणाला नको असायची आणि म्हणून दरवर्षी आपल्याला मिळायची. बाबा चाकांना पाचरी मारायचे. मग तू बाहेर दांडा घेऊन खोक्याच्या चारही कोपऱ्यांचे स्क्रूचे पाय फिरवून खाली-वर करत सुटायचास आणि मी आत जमिनीवर पालथी पडून पाणसळीवर डोळा लावायचे. काचेच्या नळीतला तो बुडबुडा मध्ये आला पाहिजे, नाहीतर आईच्या स्टोव्हवरचं भांडं घसरणार. "पुढचा डावा… अजून… अजून… बस." सगळं घर मी बस म्हणेन तेव्हा थांबायचं. सात वर्षांच्या मुलीला एवढा मान दुसरीकडे कुठे मिळतो? आणि त्या वर्षी बाबा कंबर धरून बाहेर उभे होते, माझं 'बस' ऐकलं आणि खरोखरच बसले, तेही चिखलात. त्यांना वाटलं, लेकीला आपली दया आली. आई इतकी हसली की चहा सांडला.

आणि एकच मुक्काम असला की बाबा आधीच सांगायचे, "पाणसळ लावायची नाही, उद्या निघायचंय." आपली दोघांची तोंडं उतरायची. त्यांनी हत्यारांच्या पेटीतून पाणसळ काढली की समजायचं, राहायचं आहे. मला अजून ती खोड आहे. कुणाकडे गेले आणि माझ्यासाठी चादर अंथरलेली दिसली की मनात म्हणते, पाणसळ लावली हं.

तुला काही सांगायचंय तसं मलाही सांगायचं आहे. हॉस्पिटलच्या जिन्यात मी तुला जे बोलले, त्याबद्दल. अकरा वर्षं ते घेऊन बसलेय. कागदावर नाही जमणार, तळ्याकाठी बोलू.

पाणसळ जागेवर आहे ना? ते काम माझं आहे. वहिनीला खुशाल गाडी चालवू दे, पण बुडबुड्याकडे मीच बघणार.

तुझी बुडबुडी


२९ मार्च

प्रिय बुडबुडी,

आशीर्वाद. पत्र मिळालं. अंथरूण-पांघरूण आणू नकोस, आहे. गरम कपडे आण, तळ्यावरून वारा येतो. उद्यानाच्या फाटकाशी पोचलीस की राखणदाराला सतरा नंबर सांग, तो सोडेल. आता भाड्याच्या गाड्या कच्च्या वाटेवर आत जाऊ देत नाहीत, फाटकापासून दहा मिनिटं चालावं लागेल. तुझी वहिनी तुला घ्यायला येईल.

जिन्यातलं मला शब्दन्‌शब्द आठवतं. त्याबद्दलच बोलायचं आहे.

पाणसळीचं विचारलंस. या वेळी पाणसळ लावणार नाही. खोकं जसं उभं राहील तसं राहू दे.

अक्षराबद्दल माफ कर. मोठं काढायला जातो आणि ते आपोआप लहान होतं.

तुझा दादा


६ एप्रिल

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. दुकानातली दुसरी मुलगी अचानक रजेवर गेली आहे आणि मालक एकटे सगळं सांभाळू शकत नाहीत. त्यामुळे माझं येणं जमेल असं दिसत नाही. शिवाय एका मुक्कामासाठी दोन गाड्या बदलून येणं आता झेपत नाही.

तुला जे सुनवायचं आहे ते पत्रात लिहिलंस तरी चालेल. मी वाचेन.

वहिनीला नमस्कार. तिला म्हणावं, उतारावर गाडी जपून चालव.

बुडबुडी


२४ एप्रिल

प्रिय बुडबुडी,

काम आहे तर काम, इलाज नाही. आम्ही जाऊन आलो. तीन दिवस राहिलो. हवा चांगली होती, तळ्यात पाणी कमी आहे. आजूबाजूच्या बहुतेक जागा रिकाम्या होत्या. सतरा नंबरच्या खुंटावर आकड्याचा जो पत्रा होता तो राखणदाराने उपटून मला दिला. तुझ्यासाठी ठेवला आहे.

सांगायचं होतं ते राहिलं. पत्रात लिहिण्यासारखं नाही.

दादा


९ मे

प्रिय बुडबुडी,

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. उत्तर द्यायचं तर शेजारच्या दाताच्या डॉक्टरणीच्या पत्त्यावर दे, नाहीतर देऊ नकोस. मला राग आलाय आणि तो गिळून बसणं मला जमत नाही, हे तुला माहीत आहे.

तुझ्या दादाला कंपवात आहे. तीन वर्षं झाली. आधी उजवा हात, मग दोन्ही. नोकरी म्हणून सोडली, दिवस मोकळे हवे होते म्हणून नाही. सरळ रेघ मारता येईना. गाडी मी हौसेने चालवत नाही, साठीला टेकल्यावर शिकले, मागे ते धूड जोडून वळण घेताना दर वेळी देवाचा धावा करते. आणि फोन नको म्हणतात कारण आवाज गेलाय. अगदी गेला नाही, पण समोर बसल्याशिवाय ऐकू येत नाही. तुला कळू द्यायचं नाही अशी मला शपथ घातली होती. बहीण धावत येईल ती दुखण्यासाठी येईल, मला ती आपणहून यायला हवी आहे, असं म्हणाले.

तू येतेस हे वाचल्यावर हा माणूस महिनाभर पोरासारखा वागत होता. रोज अंगणात जाऊन खोक्याचं दार उघडायचं, झटकायचं, बंद करायचं. मग तुझं ते दुसरं पत्र आलं, काम आहे म्हणून. म्हणाले, आपण तरी जाऊ. गेलो.

खोकं तळ्याकडे कललेलं. मी म्हटलं, मी दांडा फिरवते, तुम्ही पाणसळ बघा. तर नाही म्हणाले. ते काम माझं आहे आणि मला जमत नाही, दुसऱ्या कुणाला ते करताना मला बघायचं नाही. यांना दांडा धरताच येत नाही गं, हात निसटतो. तुझ्यासमोर ते उघडं पडायला नको म्हणून आधीच कळवून मोकळे झाले होते की पाणसळ लावणार नाही. तीन दिवस आम्ही उतारावर राहिलो. कप टेबलावरून घसरायचा, मी भिंतीला चिकटून झोपायचे. हे मात्र बाहेर खुर्ची टाकून फाटकाच्या वाटेकडे तोंड करून बसायचे. तळं पाठीशी. शेजारी दुसरी खुर्ची मांडून ठेवली होती. मी त्या खुर्चीवर ओला टॉवेल वाळत घातला तर उचलायला लावला.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एका मुक्कामासाठी येत नाही म्हणतेस. एक मुक्काम कुणी सांगितला तुला? पहिल्या पत्रात तीन तारखा स्पष्ट लिहिल्या आहेत.

वहिनी


१७ मे

दादा,

वहिनीवर रागावू नकोस. तिने मला सगळं लिहिलं आणि बरं केलं. तिचं पत्र आल्यावर मी फोन केला होता. तू घेतला नाहीस, आणि मलाही तिच्याशी दोन शब्दांपलीकडे बोलता आलं नाही.

मी का आले नाही ते ऐक. दुकानातली मुलगी रजेवर नव्हती. ते खोटं होतं. तू लिहिलंस, पाणसळ लावणार नाही. मी ते दिवसभर डोक्यात घेऊन फिरले. आपल्या घरात त्याचा एकच अर्थ, आणि तो अर्थ मीच तुला आधीच्या पत्रात हौसेने आठवून दिला होता. त्याला लगोलग तुझं हे उत्तर. मी समजले, दादा सांगतोय, ये, पण राहू नकोस. त्याच्या वर एक ओळ होती, जिन्यातलं शब्दन्‌शब्द आठवतं. मी दोन्ही ओळी जोडल्या. म्हटलं, आता हा मला तिथे बोलावून, आईच्या त्या जागेवर उभी करून, अकरा वर्षांचा हिशोब चुकता करणार आणि दुसऱ्या दिवशी वाटेला लावणार. तीन तारखा मला दिसल्याच नाहीत.

तुझं बारीक अक्षर दिसलं, त्यावर मी विनोद केला. वहिनी गाडी चालवते हे दिसलं, त्याला हसले. रोज पंधरा माणसांच्या डोळ्यांत बघून कुणाला काय दिसत नाही ते मी सांगते, आणि घरच्या माणसाचं एवढं ढळढळीत लिहिलेलं मला वाचता आलं नाही. याची मला लाज वाटते, दादा. दुसरा शब्द नाही.

आता जिन्यातलं. आईची छाती भरलेली होती, डॉक्टर हलवू नका म्हणत होते, मी तुझ्या पाया पडून सांगितलं होतं नेऊ नकोस, आणि तू तिला तीन दिवस तळ्यावर नेऊन आणलंस. आठव्या दिवशी ती गेली. आणि मी जिन्यात, लोक वर-खाली जात असताना, तुला म्हणाले, तू आईला त्या खोक्यात घालून मारलंस. तू नुसता कठडा धरून उभा राहिलास. मी खाली उतरून गेले आणि मग अकरा वर्षं तुझी कार्डं येत राहिली.

हे मी लिहिलं, कारण आता काहीच लपवायचं नाही. पण माफी कागदावर मागणार नाही. ती समोर येऊन मागेन. कधी येऊ ते सांग. तळं बंद झालं, ते माझ्यामुळे हुकलं, पण तुझं अंगण तर आहे.

तुझी बुडबुडी


२ जून

प्रिय बुडबुडी,

हे पत्र मी तीन दिवस लिहितोय. रोज सकाळी गोळीचा असर असतो तेवढ्यात एक परिच्छेद. भिंग जवळ ठेव.

पाणसळ लावणार नाही हे लिहिताना मला बाबांचं ते वाक्य आठवलंही नाही. मी फक्त चार पाय आणि दांडा यांचा विचार करत होतो. तुझ्या पत्रात सगळं लिहिलेलं होतं, ते वाचून हसलो होतो, आणि तरी लिहिलं. दुखणं लपवायच्या नादात माणूस दुसरं काही बघत नाही. त्यामुळे तुझ्या एकटीची चूक नाही, अर्धी माझी आहे.

आता मला तळ्याकाठी सांगायचं होतं ते. आईला नेलं ते तिच्या हट्टाने नेलं, हे तुला तेव्हाही माहीत होतं. पुढचं माहीत नाही. आम्ही पोचलो आणि मी पेटीतून पाणसळ काढली तेव्हा ती म्हणाली, "पाणसळ लावू नकोस रे. एकच मुक्काम करू. पोरगी रागावलीय, उद्या घरी जाऊ." मी हसलो. म्हटलं, आलोच आहोत तर राहू. आणि पाय फिरवायला घेतले. ती आतून दोनदा म्हणाली, राहू दे, राहू दे. मी फिरवत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारपासून तिला दम लागायला लागला. पहिल्याच दिवसानंतर निघालो असतो तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. डॉक्टरही सांगू शकले नाहीत, मी विचारलं होतं. पण जिन्यात तू ते बोललीस तेव्हा मी गप्प राहिलो तो तुझ्या रागाला भिऊन नाही. मला वाटलं, हिला कळलं कसं. अकरा वर्षं तू समजत राहिलीस की मी दुखावलोय, आणि मी समजत राहिलो की तुला खरं ठाऊक आहे.

खोकं आता देऊन टाकतोय. दाताची डॉक्टरीण आणि तिचा नवरा एकवीस जूनला रविवारी येऊन घेऊन जाणार आहेत. त्यांना फिरायचं आहे, त्यांचे हातपाय धड आहेत. तू शनिवारी ये. अंगण गटाराच्या बाजूला उतरतं आहे, सतरा नंबरइतकं नाही, पण आहे. दांडा तू फिरव. मी आत बसून बुडबुडा बघतो. एकदा तरी पाणसळ लावू.

तुझा दादा


२३ जून

दादा,

सुखरूप पोचले. पाणसळ माझ्या पिशवीत कपड्यांत गुंडाळून आणली, आता समोर टेबलावर ठेवलीय. माझं टेबल खिडकीच्या बाजूला कललेलं आहे हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. सतरा नंबरचा पत्राही इथेच आहे.

खरं सांगू, तुला दारात बघितल्यावर मी जे चेहऱ्यावर आणायचं नाही असं ठरवून आले होते ते सगळं आलं असणार. तू बारीक झालास. चालताना पाय उचलत नाहीस, घासत नेतोस. वहिनीने मागून मला चिमटा काढला म्हणून मी सावरले. मग तू माझ्या हातात दांडा दिलास, आपला हात त्यावर काही वेळ तसाच ठेवलास आणि आत गेलास.

तो दांडा इतका जड होता हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. दहा वर्षांचा मुलगा तो चार-चार कोपऱ्यांना फिरवायचा आणि मी आत पालथी पडून हुकूम सोडायचे. मी फिरवत होते आणि तू आत बसला होतास, आणि तोंडासमोर नव्हतास म्हणून मला बोलता आलं. चुकले म्हणाले. जिन्यातलं म्हणाले, आईचं म्हणाले, अकरा वर्षांचं, एप्रिलचं. दांडा थांबवला तर बोलणंही थांबेल अशी भीती वाटली, म्हणून थांबले नाही. तुला काय ऐकू आलं असेल कुणास ठाऊक. तू आतून काहीतरी म्हणत होतास, पण मला नुसती कुजबुज यायची. मला वाटलं, अजून, अजून म्हणतोयस. शेवटी तुझा पेला टेबलावरून पडून फुटला तेव्हा वहिनी ओरडली, अगं, उलट्या बाजूला कललं की. मग मी आत आले तर तू हसत होतास, आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते हसण्याचं की कशाचं हे मी विचारलं नाही. मग वहिनी खिडकीशी उभी राहून तुझं बोलणं मला मोठ्याने सांगत गेली, तेव्हा कुठे बुडबुडा मध्ये आला. आपण तिघं तिथे बसून चहा प्यायलो. कप जागचा हलला नाही. पन्नास वर्षांत मी प्यायलेला तो सगळ्यात चांगला चहा, आणि तो गटाराशेजारी प्यायलो.

रविवारपर्यंत राहायचं मनात होतं. पिशवीत कपडे तसेच आणले होते. पण संध्याकाळी मी दारात उभी राहून निघू का म्हणाले, तेव्हा तू हात हलवलास आणि "बस" म्हणालास. दिवसभरात स्पष्ट ऐकू आलेला तुझा तेवढा एकच शब्द. मी समजले, थकलास, आजच्यापुरतं पुरे. दुखणाईत माणसाला किती ताण द्यायचा. म्हणून सहाची गाडी पकडली. वहिनी काहीतरी म्हणत फाटकापर्यंत आली होती, पण रिक्षा सुटली.

एकच विचारायचं राहिलं. मी बाहेर बोलत होते तेव्हा तू आत काय म्हणत होतास?

बुडबुडी


६ जुलै

प्रिय बुडबुडी,

खोकं रविवारी गेलं. डॉक्टरणीच्या नवऱ्याने पाय वर घेतले तेव्हा मी घरात होतो. अंगणात चार खड्डे राहिलेत, मातीत चांगले खोल. वहिनीला ते बुजवू नकोस म्हणालोय.

आत मी काय म्हणत होतो ते विचारलंस. मोठं काही नव्हतं. खिडकी उघडी होती आणि माझा आवाज गेलाय, कान शाबूत आहेत. तू बोललीस ते सगळं ऐकलं. पहिल्यांदा चुकले म्हणालीस तेव्हाच मी बस म्हणालो. बुडबुड्याकडे तेव्हा माझं लक्षही नव्हतं. तू फिरवत राहिलीस, मी म्हणत राहिलो. सात-आठ वेळा म्हणालो असेन. आईला तेव्हा कसं वाटलं असेल ते मला त्या दिवशी कळलं.

आता दारातलं. हात मी हलवला नाही. तो हलतो. वहिनीने आतल्या खोलीत तुझ्यासाठी चादर अंथरली होती, तेच सांगायला ती तुझ्यामागे फाटकापर्यंत आली. आणि मी बस म्हणालो, ते पुरे म्हणून नव्हे. बाबा जे ऐकून चिखलात बसले होते, ते बस.

तुझा दादा